निवासी देखभाल केंद्रातील मधुमेही व्यक्तींची साखर कमी होते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवासी देखभाल केंद्रांत राहणाऱ्या मधुमेही व्यक्तींचे नातेवाईक, तिथल्या परिचारिका आणि काळजीवाहक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखाद्या रहिवाशासाठी डॉक्टरांनी स्वतंत्र लेखी सूचना दिल्या असतील, तर त्या या उत्तरांपेक्षा वरच्या मानाव्यात. समोर एखादी व्यक्ती आत्ता बेशुद्ध असेल, तर पुढचे काही न वाचता थेट प्रश्न ६ कडे जावे.

१. साखर किती खाली आली म्हणजे ती ‘लो’ समजायची?

मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, की ती कमी समजून लगेच उपचार करावा. काही यंत्रे मिलिमोल प्रति लिटर या एककात आकडा दाखवतात. त्यात हीच मर्यादा ३.९ येते. ५४ च्या, म्हणजे ३.० मिलिमोलच्या खालची साखर गंभीर असते, कारण या पातळीला मेंदूला पुरेसे इंधन मिळत नाही. याशिवाय आकडा कोणताही असो, शुद्ध हरपत चालली असेल किंवा स्वतःहून काही घेणे जमत नसेल इतका गोंधळ असेल, तर ती घटना तीव्र समजली जाते.

७० ते १०० यांमधल्या आकड्यांबद्दल मात्र फारसे कोणी विचारत नाही, आणि मला त्यांचीच अधिक काळजी वाटते. इन्सुलिनवर किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या वृद्ध व्यक्तीची सकाळची साखर सलग तीन-चार दिवस ८० ते ९० येत असेल, तर ‘उत्तम नियंत्रण’ असा शेरा मारून वही मिटू नये. डोस कमी करावा लागेल का, हे डॉक्टरांना त्याच आठवड्यात विचारावे. साखर ७० खाली गेल्यावर फोन करण्यापेक्षा हा फोन पुष्कळ स्वस्त पडतो.

२. आमच्या आईला घाम, थरथर, धडधड असे काहीच झाले नाही, तरी साखर ५० निघाली. हे कसे?

घाम, थरथर, धडधड आणि भूक ही लक्षणे साखर उतरताना शरीर जे ॲड्रेनालिन सोडते त्यामुळे होतात. वय वाढते आणि मधुमेह जुना होतो तसा हा प्रतिसाद मंदावतो, उशिरा येतो, आणि मेंदूची उपासमार आधी दिसू लागते. म्हणून वृद्ध व्यक्तीत साखर कमी झाल्याची पहिली खूण बहुधा वागण्यातला बदल ही असते: अचानक चिडणे, अबोल होणे, बोलताना जीभ जड होणे, पाय लटपटणे, तोल जाणे, ओळखीच्या माणसाकडे अनोळखी नजरेने पाहणे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातले औषध चालू असेल, तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र बहुधा येतो. शिवाय साखर वारंवार उतरत राहिली, की शरीराची इशारा देण्याची क्षमता आणखी बोथट होते.

एका केंद्रातली दुपार मला अजून आठवते. एक शांत स्वभावाच्या आजी पलंगावर बसून चादरीची कड दुमडत होत्या, उलगडत होत्या, पुन्हा दुमडत होत्या. हाक मारली की मान वर करत, पण उत्तर देत नसत. आम्ही दोघींनी त्यांची झोप झाली नसेल असे मनाशी ठरवून टाकले. तिसऱ्या सहकारी बाईंनी त्यांच्या मानेला हात लावला, तो ओला आणि गार लागला. साखर ४६ होती. त्या दिवसापासून मी एकच नियम सांगत आले आहे: इन्सुलिनवर किंवा प्रश्न ३ मध्ये सांगितलेल्या गोळ्यांवर असलेली व्यक्ती ‘आज काहीतरी वेगळी वाटते’ असे कुणाच्याही मनात आले, तर आधी साखर तपासावी आणि कारणांचा विचार मागाहून करावा. व्यक्ती पडली असेल किंवा पक्षाघाताची शंका आली असेल तरीही साखर लगेच पाहावी, कारण कमी साखर पक्षाघाताचे हुबेहूब सोंग आणू शकते. मात्र त्यासाठी रुग्णवाहिका बोलावण्यास उशीर करू नये.

३. मधुमेहाच्या सगळ्याच औषधांनी साखर इतकी उतरते का?

नाही. धोका मुख्यतः इन्सुलिनचा आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांचा असतो. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि ग्लिपिझाइड ही या गटातली नेहमीची नावे आहेत. रेपाग्लिनाइडनेही साखर उतरू शकते. मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन किंवा लिनाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे एकेकटी घेतली तर साखर सहसा धोक्याच्या खाली नेत नाहीत. पण ती इन्सुलिनच्या किंवा सल्फोनिलयुरियाच्या जोडीला असतील, तर धोका वाढतो.

ग्लिबेनक्लामाइडचा परिणाम दीर्घकाळ टिकतो आणि मूत्रपिंड मंदावले की शरीरात साठून राहतो. वृद्ध व्यक्तीच्या औषधांच्या यादीत हे नाव दिसले, तर ते बदलता येईल का हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. अनेक गोळ्यांत दोन-दोन औषधे एकत्र असतात. त्यामुळे पाकिटावरचे मोठे व्यापारी नाव पाहून थांबू नये, खाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचावेत.

४. साखर कमी निघाली, माणूस शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो. नेमके काय द्यायचे, आणि किती?

लगेच रक्तात उतरणारी १५ ते २० ग्रॅम साखर द्यावी. ग्लुकोजच्या गोळ्या असतील तर एका गोळीत किती ग्रॅम आहेत हे पाहून द्याव्यात. बहुतेकदा चार-पाच गोळ्या लागतात. नसतील तर पाण्यात विरघळवलेले चार चहाचे चमचे सपाट भरून साखर, किंवा सुमारे १५० मिलिलिटर फळांचा रस, किंवा तितकेच साखर असलेले शीतपेय चालते. ‘डाएट’ किंवा ‘शुगर-फ्री’ पेयाचा येथे काहीही उपयोग होत नाही, आणि घाईत हीच चूक होते. देताना व्यक्तीला ताठ बसवावे आणि एकटे सोडू नये. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. ती अजून ७० खाली असेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. तीन वेळा देऊनही साखर वर येत नसेल, किंवा मध्येच गुंगी वाढत असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी.

साखर ७० च्या वर आल्यावर काम संपत नाही. दिलेली साखर तासाभरात वापरली जाते आणि औषध मात्र अजून काम करत असते. पुढचे जेवण लगेच असेल तर ते द्यावे. तासाभराहून लांब असेल तर दूध, पाव किंवा बिस्किटे असे हळूहळू पचणारे काहीतरी द्यावे.

यंत्र हाताशी नसेल आणि लक्षणे स्पष्ट असतील, तर साखर कमी आहे असे धरून उपचार करावा. एकदा थोडी जास्त साखर दिल्याने होणारे नुकसान किरकोळ असते, न दिल्याने होणारे भरून येत नाही.

५. घरी आम्ही अशा वेळी चॉकलेट द्यायचो. इथे ते नको का म्हणतात?

चॉकलेटमध्ये चरबी असते आणि चरबीमुळे साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो. क्रीमची बिस्किटे आणि आइस्क्रीम यांचेही तेच. हे पदार्थ साखर सावरल्यानंतर चालतील, पहिल्या दहा मिनिटांसाठी ते उपयोगाचे नाहीत.

याच ठिकाणी दोन अपवाद लक्षात ठेवावे लागतात. अकार्बोज, व्होग्लिबोज किंवा मिग्लिटॉल घेणाऱ्या व्यक्तीला नेहमीची साखर देऊन चटकन गुण येत नाही, कारण ही औषधे आतड्यात साखरेचे ग्लुकोजमध्ये विघटन होऊ देत नाहीत. त्यांना शुद्ध ग्लुकोजच द्यावे लागते. आणि मूत्रपिंडाच्या आजारामुळे पोटॅशियम मर्यादित ठेवलेल्या व्यक्तीला संत्र्याचा रस देऊ नये, ग्लुकोज द्यावे. अशा व्यक्तींच्या खोलीत, पलंगाजवळ, ‘फक्त ग्लुकोज’ अशी ठळक चिठ्ठी लावलेली मी पाहिली आहे, आणि रात्रपाळीच्या बदली कर्मचाऱ्यांसाठी तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नसेल.

६. व्यक्ती बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर?

तोंडात काहीही घालू नये: पाणी नाही, साखर नाही, मधाचे बोटही नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. व्यक्तीला कुशीवर वळवावे, श्वास मोकळा आहे ना ते पाहावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. इन्सुलिनचा पंप लावलेला असेल तर तो थांबवावा किंवा सुटा करावा.

केंद्रात ग्लुकागॉन (रक्तातील साखर वाढवणारे औषध) असेल आणि ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती हजर असेल, तर ते द्यावे. प्रौढांसाठी स्नायूत टोचण्याची मात्रा १ मिलिग्रॅम असते, आणि नाकात फवारण्याच्या प्रकाराची ३ मिलिग्रॅम. परिणाम दिसायला साधारण १० ते १५ मिनिटे लागतात आणि नंतर उलटी होण्याचा संभव असतो, म्हणून कुशीवरची स्थिती सोडू नये. ग्लुकागॉन यकृतात साठवलेली साखर बाहेर काढते. जी व्यक्ती कित्येक दिवस नीट जेवलेली नाही, फार कृश आहे किंवा यकृताच्या आजाराने ग्रासलेली आहे, तिच्या यकृतात साठाच नसतो आणि इंजेक्शनचा गुण कमी येतो. त्यामुळे ते दिल्यावर ‘आता थांबून पाहू’ असे म्हणून रुग्णवाहिका रद्द करू नये. शिरेतून ग्लुकोज देणे हा खात्रीचा उपाय आहे आणि तो प्रशिक्षित वैद्यकीय व्यक्तीनेच करायचा असतो.

७. बाबांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, म्हणून सगळे घट्ट करून देतात. साखर उतरली तर रस कसा पाजायचा?

रस पाजू नये. शुद्धीवर असलेल्या आणि घट्ट पदार्थ गिळू शकणाऱ्या व्यक्तीसाठी ग्लुकोजचे जेल सोयीचे असते. ते गालाच्या आत थोडे थोडे लावत, प्रत्येक वेळी गिळले आहे ना हे पाहत द्यावे. गालाच्या अस्तरातून साखर फारशी शोषली जात नाही, ती गिळली गेली तरच उपयोगी पडते, म्हणून गुंगीतल्या व्यक्तीच्या गालात जेल भरून ठेवणे हा उपचार नव्हे. जेल नसेल तर बाबांना ज्या घट्टपणाचे पेय सुरक्षित ठरवले आहे, त्याच घट्टपणाचे गोड पेय द्यावे. हे नेमके कोणते आणि किती, हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलून आधीच ठरवलेले आणि लिहून ठेवलेले असावे.

नळीने आहार घेणाऱ्या व्यक्तीला पाण्यात विरघळवलेले ग्लुकोज नळीतूनच देता येते आणि नंतर नळी पाण्याने धुवावी लागते. अशा व्यक्तींत साखर उतरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण साधे असते: नळी निघाली, तुंबली किंवा तपासणीसाठी आहार बंद केला, आणि इन्सुलिन मात्र आधीच टोचलेले होते. आहार थांबला की तेव्हाच डॉक्टरांना कळवावे आणि साखर दर तासाला पाहावी.

८. स्मृतिभ्रंश असलेल्या आजोबांची साखर ५८ आहे, पण ते पेला ढकलून देतात आणि ओरडतात. जबरदस्ती करायची का?

जबरदस्तीने तोंडात ओतू नये. ओरडणे आणि हात झटकणे हा त्यांचा स्वभाव किंवा हट्ट असेलच असे नाही, ती कमी साखरेचीच लक्षणे असू शकतात. एकाच माणसाने पुढे व्हावे, बाकीच्यांनी मागे सरावे, खोलीतला गोंगाट बंद करावा. शेजारी, त्यांच्याच उंचीला बसून, त्यांना आवडते ते गोड पेय त्यांच्याच हातात द्यावे. प्रश्न विचारू नयेत; ‘घेता का?’ याला ‘नाही’ हेच उत्तर येते. पाच मिनिटांनी दुसऱ्या चेहऱ्याने पुन्हा प्रयत्न करावा, कारण कधी कधी केवळ माणूस बदलल्याने काम होते. तरीही घेत नसतील आणि गुंगी वाढू लागली, तर प्रश्न ६ प्रमाणे वागावे. त्यांना काय चालते, हे नातेवाइकांनी केंद्राला प्रवेशाच्या दिवशीच सांगावे.

९. कधी पूर्ण जेवतात, कधी दोन घासांवर उठतात. मग इन्सुलिन कधी द्यायचे?

केंद्रात साखर उतरण्यामागे मला सर्वांत अधिक वेळा आढळलेले कारण हेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. बहुतेक ठिकाणी इन्सुलिनची फेरी परिचारिकेच्या वेळापत्रकाने चालते आणि जेवणाची फेरी स्वयंपाकघराच्या. परिचारिका साडेसातला पहिल्या खोलीपासून सुरुवात करते; जेवणाची गाडी मात्र लिफ्टजवळच्या खोल्यांपासून निघते आणि पहिल्या खोलीत सव्वाआठला पोहोचते. मधली पाऊण तास त्या खोलीतली व्यक्ती इन्सुलिन टोचून घेऊन रिकाम्या पोटी बसलेली असते. यात कुणी एकाने हलगर्जीपणा केला असे म्हणता येत नाही. दोन घड्याळे एकमेकांना विचारत नाहीत, इतकेच घडते. इन्सुलिनवर असलेल्या रहिवाशांची ताटे आधी पोहोचवण्याचा क्रम स्वयंपाकघराने ठरवला, तर एकही औषध न बदलता बरेचसे प्रसंग टळतात.

ज्यांच्या जेवणाचा भरवसा नाही, त्यांच्यासाठी जलद काम करणारे इन्सुलिन जेवण झाल्याबरोबर, किती खाल्ले ते पाहून देण्याची योजना डॉक्टर आखू शकतात. हे इन्सुलिन १० ते २० मिनिटांत काम सुरू करते आणि तीन ते पाच तासांत ओसरते, म्हणून ते शक्य होते. जुन्या प्रकारच्या ‘रेग्युलर’ इन्सुलिनला अर्धा तास लागतो आणि त्याचा परिणाम सहा-आठ तास रेंगाळतो, म्हणून जेवणानंतर देण्यास ते योग्य नसते. मिश्र इन्सुलिनची अडचण निराळी आहे: सकाळी टोचलेल्या मिश्रणातला मध्यम गतीचा भाग दुपारी जोर धरतो, तेव्हा दुपारचे जेवण चुकले की साखर कोसळते. जेवण अनिश्चित झालेल्या व्यक्तीसाठी मिश्र इन्सुलिन चालू ठेवावे का, हे डॉक्टरांशी बोलावे.

केवळ त्या त्या वेळच्या आकड्यावरून इन्सुलिनचे युनिट ठरवणारा तक्ता, ज्याला ‘स्लायडिंग स्केल’ म्हणतात, तो एकट्याने दीर्घकाळ वापरू नये असे जाणकार सांगतात, कारण तो साखरेच्या मागे धावतो आणि कधी वर, कधी खाली असे हेलकावे निर्माण करतो.

१०. रात्री साखर उतरली तर कळणार कसे? रात्रपाळीत मी एकटीच असते.

घामाने भिजलेली उशी किंवा कपडे, झोपेत बडबड, भीतिदायक स्वप्ने, सकाळी डोके दुखणे आणि उठल्यावर असलेला गोंधळ या रात्रीच्या खुणा आहेत. अंथरूण ओले दिसले, की ते घामाने आहे का हेही पाहावे. त्या दिवशी संध्याकाळी कमी खाल्ले, उलटी झाली, साखर दिवसा एकदा उतरली होती, किंवा डोस नुकताच वाढवला आहे, अशा व्यक्तींची नावे पाळी बदलताना तोंडी आणि लेखी सांगितली जावीत. त्यांची साखर झोपताना आणि मध्यरात्रीनंतर एकदा, साधारण तीन वाजता, पाहावी. बाकी सर्वांना दररोज रात्री उठवून बोटे टोचण्याची गरज नसते. झोपमोडीचेही नुकसान असतेच.

तुम्ही एकट्या असाल, तर प्रत्येक मजल्यावर एक ‘हायपोचा डबा’ (हायपो म्हणजे साखर कमी होणे) असलाच पाहिजे, आणि तो कुलपात नसावा: ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पूड, जेल, रसाचे छोटे डबे, यंत्र, पट्ट्या, उपचाराच्या पायऱ्या लिहिलेला कागद. त्यातल्या वस्तूंच्या मुदतीच्या तारखा महिन्यातून एकदा तपासाव्यात.

११. साखर ६२ होती, उपचाराने ११० झाली. आता जेवणाआधीचे इन्सुलिन टाळायचे का?

आपल्या मनाने टाळू नये. आधी साखर सावरावी, मग जेवण द्यावे, आणि इन्सुलिनच्या मात्रेबद्दल लेखी सूचना पाहाव्यात किंवा डॉक्टरांना विचारावे. बहुतेकदा तो डोस कमी केला जातो, पूर्ण बंद होत नाही. विशेषतः टाइप १ मधुमेहात पायाभूत, म्हणजे दिवसभर संथपणे काम करणारे, इन्सुलिन बंद केले, तर काही तासांतच कीटोॲसिडोसिस हा रक्तात आम्ल साठण्याचा, जिवावर बेतणारा प्रकार सुरू होऊ शकतो. म्हणून प्रत्येक रहिवाशाच्या फाइलवर टाइप १ की टाइप २ हे पहिल्याच पानावर लिहिलेले असावे. ‘म्हातारपणी झाला म्हणजे टाइप २’ असे गृहीत धरू नये. टाइप १ झालेली माणसेही म्हातारी होतात.

१२. मावशी फक्त गोळ्यांवर आहेत. साखर देऊन त्या अगदी बऱ्या झाल्या, तरी डॉक्टर रुग्णालयात ठेवा म्हणतात. हे अति नाही का?

गोळी सल्फोनिलयुरिया गटातली असेल, तर हे अति नाही. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावत राहतात आणि त्यांचा परिणाम २४ तास किंवा त्याहून अधिक टिकू शकतो. मूत्रपिंड मंद असेल तर आणखी लांबतो. दुपारी सावरलेली साखर रात्री पुन्हा, आणि पहाटे तिसऱ्यांदा उतरते. काही कारणाने त्यांना केंद्रातच ठेवायचे ठरले, तर साखर किती वेळाने पाहायची, गोळी कधीपर्यंत थांबवायची आणि कोणत्या आकड्याला हलवायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

१३. दहा वर्षे तोच डोस चालू आहे. मग आताच साखर का उतरू लागली?

डोस तोच राहिला, माणूस बदलला. वजन घटते, भूक कमी होते, मूत्रपिंड मंदावल्याने इन्सुलिन रक्तात अधिक वेळ राहते, आणि कालपर्यंत योग्य असलेली मात्रा आज जास्त ठरते. म्हणून दर महिन्याचे वजन आणि मूत्रपिंडाचे अहवाल हे साखरेच्या वहीशेजारी ठेवून वाचावेत.

नव्याने केंद्रात आलेल्यांच्या बाबतीत एक कारण हमखास निसटते. घरी असताना आजोबा आठवड्यातून दोन-तीनदा गोळी विसरत होते, हे कुणालाच ठाऊक नसते, आणि डॉक्टरांनी साखर उतरत नाही म्हणून डोस वाढवत नेलेला असतो. केंद्रात आल्यावर प्रत्येक गोळी वेळेवर मिळू लागते, जेवण मोजके होते, आणि दहा-पंधरा दिवसांत साखर कोसळते. प्रवेशानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच तपासण्या वाढवाव्यात. रुग्णालयातून परतलेल्यांचेही तसेच: संसर्गामुळे किंवा स्टेरॉइडमुळे वाढवलेले इन्सुलिन, ते कारण संपल्यावरही तसेच चालू राहते. स्टेरॉइडचा डोस उतरवत आणला जात असेल, तर इन्सुलिनही त्याच्याबरोबर उतरवावे लागते.

नवी औषधेही पाहावीत. सिप्रोफ्लॉक्सासिन व लिव्होफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके साखर उतरवू शकतात, आणि सल्फोनिलयुरियाच्या जोडीला को-ट्रायमॉक्साझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिल्यास धोका वाढतो. शेवटी त्वचेला हात लावून पाहावे. वर्षानुवर्षे एकाच जागी टोचल्याने पोटावर मऊ किंवा रबरासारख्या गाठी झालेल्या असतात आणि त्यांतून इन्सुलिन नीट शोषले जात नाही. एखादी दक्ष परिचारिका जागा बदलते आणि तोच डोस एकदम पूर्ण लागू पडतो. जागा बदलणे योग्यच आहे, पण आधी डॉक्टरांशी बोलून मात्रा कमी करावी.

१४. डोस देण्यातच चूक झाली असेल तर कसे ओळखायचे?

साखर अनपेक्षितपणे उतरली, की चुकीचा माणूस, चुकीचा प्रकार आणि चुकीची सिरिंज या तीन शक्यता पाहाव्यात. जिथे ४० आणि १०० (एका मिलिलिटरमधली युनिट) अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन वापरात आहे, तिथे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी जुळली, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेली सिरिंज प्रत्यक्षात ५० युनिट देते. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा; एका अक्षरात लिहिलेला संक्षेप घाईत शून्य वाचला जातो आणि डोस दहापट होतो. चूक लक्षात आली, तर ती त्याच क्षणी सांगावी. चूक सांगणाऱ्यावर ओरडण्याची पद्धत ज्या केंद्रात आहे, तिथे पुढची चूक लपवली जाते आणि तिची किंमत रहिवासी मोजतो.

१५. यंत्रावर १४० दिसते, पण लक्षणे कमी साखरेची आहेत. कोणावर विश्वास ठेवायचा?

हात साबण-पाण्याने धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासावे. बोटाला फळाचा रस किंवा साखर लागलेली असेल, तर आकडा खोटा वाढतो. मुदत संपलेल्या किंवा उघड्या डब्यातल्या पट्ट्या, फार गार पडलेली बोटे आणि तीव्र रक्तक्षय यांनीही आकडा चुकतो.

त्वचेवर साखर सतत मोजणारा सेन्सर लावलेला असेल, तर तो रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे असतो. साखर वेगाने उतरत असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. उलट, झोपेत त्या कुशीवर दाब आला, की सेन्सर खोटीच कमी साखर दाखवतो. लक्षणे आणि सेन्सर जुळत नसतील, तर बोट टोचून खात्री करावी.

बोट टोचण्याचे उपकरण आणि इन्सुलिनचे पेन कधीही दोन व्यक्तींत वापरू नये, सुई बदलली तरीही. अशा वापरातून देखभाल केंद्रांत हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत.

१६. साखर ९५ आहे, तरी काका घामाघूम होऊन ‘लो झाली’ म्हणतात. साखर द्यायची का?

ज्यांची साखर दीर्घकाळ ३०० च्या आसपास राहिली आहे, त्यांना ती सामान्य पातळीवर येतानाही अशी लक्षणे होऊ शकतात. काका खोटे बोलत नाहीत. थोडे खायला द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि साखर वेगाने घसरत नाही ना याची खात्री करावी. मात्र घाम, छातीत दडपण, श्वास लागणे हे हृदयविकाराचेही लक्षण असू शकते. साखर ठीक असताना घाम थांबत नसेल, तर हृदयविकाराची शंका धरून तातडीने वैद्यकीय मदत मागवावी.

१७. केंद्रात वडिलांची साखर १८० असली तरी कुणी काही करत नाही. हा निष्काळजीपणा नव्हे का?

बहुधा नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या मुलामुलींची तळमळ मला समजते. कडक नियंत्रणाचा लाभ डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांना अनेक वर्षांनी मिळतो. साखर उतरल्याने मोडणारे खुब्याचे हाड आज मोडते. म्हणून अनेक आजार असलेल्या वृद्ध व्यक्तींसाठी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ८ टक्क्यांच्या आत असले तरी पुरेसे मानतात, आणि अतिशय अशक्त व्यक्तींत तर या चाचणीपेक्षा साखर उतरू न देणे आणि ती फार वाढून त्रास होऊ न देणे यांवर भर असतो. अशा रहिवाशांसाठी १०० ते २०० ही पातळी सर्वसाधारणपणे योग्य समजली जाते. एचबीए१सी ६.५ आले म्हणून अभिनंदन करण्याआधी, वडील इन्सुलिनवर किंवा सल्फोनिलयुरियावर आहेत का हे पाहावे. असतील, तर ते अभिनंदन नसून डोस कमी करण्याचे निमित्त असू शकते. रक्तक्षय, नुकतेच दिलेले रक्त किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हा आकडा मुळात विश्वासाचा राहत नाही.

१८. साखर सावरली की वहीत काय लिहायचे, आणि डॉक्टरांना प्रत्येक वेळी कळवायचे का?

होय, ७० खालच्या प्रत्येक घटनेनंतर त्याच दिवशी कळवावे. ‘शुगर लो, साखर दिली, आता बरे’ एवढी नोंद पुढच्या पाळीला काहीच सांगत नाही. किती वाजता, आकडा किती, काय आणि किती दिले, १५ मिनिटांनंतरचा आकडा, शेवटचे औषध कोणते व कधी, शेवटचे जेवण किती खाल्ले, हे सगळे असावे. त्याखाली एक ओळ ‘का उतरली?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी रिकामी ठेवावी आणि ती भरल्याशिवाय पान पूर्ण झाले असे मानू नये. उत्तर सापडले नाही, तर तसे लिहून डॉक्टरांकडे ते पान पाठवावे. एका आठवड्यात दोनदा साखर उतरली आणि औषधांच्या यादीत काहीच बदलले नाही, तर नातेवाइकांनी त्याचे कारण विचारावे. तो त्यांचा हक्क आहे.

१९. आजी शेवटच्या दिवसांत आहेत. अजून बोटे टोचत राहायची का?

याचा निर्णय आजी, कुटुंब आणि डॉक्टर यांनी मिळून घ्यावा. टाइप २ मधुमेहात, खाणे जवळपास थांबलेले असताना, गोळ्या आणि बहुतेकदा इन्सुलिनही बंद करता येते, आणि मग नियमित तपासणीची गरज उरत नाही. टाइप १ मध्ये दिवसातून एकदा दीर्घ परिणामाच्या इन्सुलिनची लहान मात्रा सहसा चालू ठेवतात आणि तपासणी कमीत कमी करतात. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया चालू असेपर्यंत साखर उतरू शकते, आणि तेव्हा होणारी तळमळ मरणासन्न अवस्थेचीच आहे असे समजून सोडून दिली जाते. म्हणून ही औषधे चालू असतील आणि आजी अचानक अस्वस्थ झाल्या, तर एकदा बोट टोचून पाहावे. औषधे बंद करून बराच काळ झाला असेल, तर त्यांचा हात आपल्या हातात घेऊन बसावे.